स्कर्टिंगचे कोपरे उघडतात, पट्टी भिंतीपासून सुटते: कारण कसं शोधायचं

ज्या घरात भिंतीच्या तळाशी, फरशीलगत एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाची फळी), डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिक मिश्रण) किंवा पीव्हीसीची स्कर्टिंग पट्टी लावली आहे, तिथली ही नेहमीची तक्रार. लावली तेव्हा सगळं जुळलेलं होतं. एक पावसाळा गेला आणि कोपऱ्यात फट आली. रंगाऱ्याने पुट्टी भरली, रंग मारला, आणि उन्हाळ्यात फट पुन्हा जिथल्या तिथे. तिसऱ्यांदा पुट्टी भरण्याआधी हे वाचा, कारण यात मूळ दोष पुट्टीचा नसतो. (टाईल कापून सिमेंटमध्ये बसवलेलं स्कर्टिंग पोकळ वाजत असेल तर ते काम गवंड्याचं, त्याबद्दल इथे काही नाही.)

आधी लक्षण नीट बघा

फट दिसली एवढं पुरत नाही. ती कुठे आहे आणि कुठल्या बाजूने रुंद आहे, यावरून अर्धं निदान होतं.

- आतला कोपरा खोलीच्या बाजूने उघडा, भिंतीच्या बाजूने मिटलेला: भिंतींमधला कोन ९० अंशांपेक्षा मोठा आहे आणि काप मात्र ४५चे मारलेत.
- बाहेरचा कोपरा (खांब, पॅसेजचं वळण) पुढून उघडा: तिथे भिंतीचा कोन ९० पेक्षा लहान आहे.
- फट वरपासून खालपर्यंत आणि पुढून मागे सारखीच रुंद: कोन बरोबर आहे, पट्टी सरकली किंवा आक्रसली आहे.
- पट्टीची वरची कड भिंतीपासून फक्त मधोमध सुटलेली: भिंतीला तिथे पोट आत आहे.
- पट्टीचं टोक बोटाने दाबलं की आत जातं, सोडलं की बाहेर येतं: चिकटवण सुटली आहे.
- खालची कड फुगलेली, रंग भेगाळलेला, नख रुतलं की भुसा निघतो: पाणी.
- पट्टीच्या वर भिंतीवर पोपडे किंवा पांढरी पूड: ओल भिंतीतून येते आहे. पट्टी फक्त साक्षीदार.

एका घरात यातली दोन-तीन लक्षणं एकत्र असतात. अशा वेळी पाण्याचं लक्षण आधी हाताळायचं, बाकीची नंतर. ओल्या भिंतीवर कितीही अचूक काप मारला तरी तो टिकत नाही.

१. टॉर्च, पेन्सिल आणि व्हिजिटिंग कार्ड

फुकटातली तपासणी, पण बहुतेक लोक हीच टाळतात. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून पट्टीच्या वरच्या कडेवरून प्रकाश टाका; जिथे सावली पडते तिथे फट. व्हिजिटिंग कार्ड आत सरकवून बघा आणि ते जिथून जिथपर्यंत जातं तिथे पेन्सिलने बारीक खूण करून तारीख टाका.

तारीख यासाठी की काही फटी ऋतूप्रमाणे उघडतात आणि मिटतात. एमडीएफ दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो. ८ फुटी पट्टीत लांबीचा दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. पीव्हीसीला दमटपणाचं काही नाही, पण उष्णतेचं आहे. तापमान १५ अंश सेल्सिअसने बदललं की २.४ मीटरची पट्टी साधारण अडीच मिलिमीटरने लांब किंवा आखूड होते. पश्चिमेच्या खिडकीखाली, जिथे दुपारचं ऊन थेट पट्टीवर पडतं, तिथे सांधे आधी उघडतात ते त्यामुळेच.

फट मे महिन्यात दिसते आणि ऑगस्टमध्ये जवळजवळ मिटते, असं असेल तर पट्टी उखडू नका. रंग घेणारा ॲक्रिलिक गॅप फिलर भरा. तो वाळल्यावरही थोडा लवचीक राहतो. वॉल पुट्टी कडक होते, म्हणून पट्टी हलली की तुटते. सिलिकॉनही लवचीक असतं, पण साध्या सिलिकॉनवर रंग बसत नाही. शिवाय ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते संगमरवराला डाग पाडतं. भरायची वेळही महत्त्वाची: फट सर्वांत रुंद असते तेव्हा भरा. मिटलेल्या फटीत भरलेलं फिलर पुढच्या उन्हाळ्यात ताणून फाटतं.

२. सुटलेल्या पट्टीची पाठ वाचा

सुटलेलं टोक हलक्या हाताने आणखी थोडं ओढा आणि पट्टीमागे बघा. पुढे काय करायचं ते इथेच ठरतं.

पट्टीच्या पाठीवर चिकटवणीचा थर आहे आणि त्या थरावर भिंतीचा रंग, पुट्टीचे पांढरे तुकडे चिकटून आलेत, तर चिकटवण शाबूत आहे. तिने आपलं काम केलं. सुटला तो भिंतीचा थर. डिस्टेंपर किंवा भुसभुशीत पुट्टीवर जगातली सर्वांत महाग चिकटवण लावली तरी ती पुट्टीलाच घेऊन निघते. उपाय एकच: पट्टीच्या उंचीएवढा पट्टा प्लास्टरपर्यंत खरवडायचा, ओल्या फडक्याने पूड पुसायची, वाळू द्यायचं, प्रायमरचा एक हात मारायचा आणि मग चिकटवायचं. नुसत्या रंगावर पुन्हा चिकटवलंत तर तेच काम परत करावं लागेल.

उलट चिकटवण भिंतीवरच राहिली आणि पट्टीची पाठ स्वच्छ, गुळगुळीत निघाली, तर पाठ खरखरीत केलेली नव्हती किंवा चिकटवण चुकीची होती. सुतारकामाचा पांढरा गोंद इथे चालत नाही. तो लाकूड-लाकूड सांध्याचा गोंद. त्यातलं पाणी शोषून घ्यायला सच्छिद्र पृष्ठभाग लागतो. पीव्हीसीच्या पाठीवर किंवा ऑइलपेंटच्या भिंतीवर त्याला पकड नाही. इथे ट्यूबमधून गनने लावायची बांधकामाची चिकटवण हवी, आणि पीव्हीसीची पाठ ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलेली हवी.

तिसरी शक्यता: पाठीवर चिकटवणीचे एक-एक फुटावर पाच-सहा गोळे आहेत आणि त्यांतले काही भिंतीला टेकलेलेच नाहीत. घाईचं काम. चिकटवण नागमोडी सलग ओळीत लावायची आणि पट्टी २४ तास दाबून ठेवायची. भरलेले पाण्याचे डबे, विटा, काहीही टेकवलं तरी चालतं.

पाठीवर मातीचे नळकांड्यासारखे पाट दिसले तर ती वाळवी. तिथेच थांबा, पट्टी आणखी उखडू नका. वाळवीला डिवचलं की ती दुसरीकडून वाट काढते आणि मग फवारणीवाल्याला मूळ जागा सापडत नाही.

३. पाणी कुठून येतं

खालची कड फुगली असेल तर पहिला संशय लादी पुसण्यावर घ्या. फडकं नीट न पिळता पुसलं की पाणी पट्टीच्या खालच्या कापलेल्या कडेत शिरतं. समोरची बाजू रंगवलेली असते, खालची कड आणि पाठ मात्र कोरी ठेवलेली असते, कारण ती दिसत नाही. एमडीएफ पाणी पितो तो नेमका कापलेल्या कडेतून. एकदा फुगलेला एमडीएफ वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही, त्यामुळे घासून रंगवायच्या नादी लागू नका. तेवढा तुकडा बदला. नव्या तुकड्याच्या सगळ्या कडा आणि पाठ प्रायमर आणि ऑइलपेंटचे दोन हात देऊन बंद करा, आणि पट्टी फरशीपासून २ ते ३ मिलिमीटर वर बसवा. बसवताना खाली पुठ्ठ्याचे तुकडे ठेवले की उंची आपोआप सारखी येते. टाईल किंवा मार्बलच्या फरशीवर ती फट नंतर न्यूट्रल (व्हिनेगरचा वास नसलेल्या) सिलिकॉनने भरून टाका.

लॅमिनेटची लाकडी फरशी असेल तर उलट नियम. ती फरशी भिंतीपासून ८ ते १० मिलिमीटर मोकळी सोडलेली असते, कारण ती पसरते. स्कर्टिंग ती फट झाकण्यासाठीच असतं. तिथे पट्टी खालून सिलिकॉनने फरशीला चिकटवली की फरशी सरकताना पट्टीला ओढते आणि वरची कड सुटते. कारण हेच असेल तर कटरने खालचं सिलिकॉन कापून काढा. अनेकदा तेवढ्यावर भागतं.

ओल भिंतीतून येते की हवेतली आहे, हे बघायला एक फूट बाय एक फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या. पट्टीच्या लगेच वर भिंतीला चारही कडांनी टेपने पक्कं लावा आणि दोन दिवस राहू द्या. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीच्या बाजूला आले तर भिंत ओली आहे. बाहेरच्या बाजूला आले तर खोलीतली हवाच दमट आहे. भिंत ओली निघाली तर पलीकडे काय आहे ते बघा: बाथरूम, नहाणी ट्रॅप, वॉशिंग मशीनचा पॉइंट, एसीच्या पाण्याचा पाइप, बाल्कनीच्या सरकत्या दाराचा ट्रॅक. या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी जायला बारीक भोकं असतात. ती धुळीने बुजली की पावसाचं पाणी आत वळतं. टाचणीने भोकं मोकळी करणं हा या सगळ्या पोस्टमधला सर्वांत स्वस्त उपाय.

४. कोपरा गुण्यात (काटकोनात) आहे का

बहुतेक वेळा नसतो. गिलावा करताना आणि नंतर पुट्टी मारताना कोपऱ्यात माल साठतो, त्यामुळे भिंत सरळ असली तरी कोपऱ्याचे शेवटचे दोन-तीन इंच गोलसर होतात. आधी तो फुगवटा पटाशीने किंवा जुन्या पुट्टीपात्याने खरवडून बघा. अर्ध्याअधिक कोपऱ्यांत पट्टी पुन्हा कापावी लागत नाही, नुसती आत सरकते.

तरीही फट राहिली तर कोन मोजा. कोन मोजायचं सुतारी साधन नसेल तर पुठ्ठ्याच्या दोन सरळ पट्ट्या एका टोकाला टाचणीने जोडा, कोपऱ्यात फरशीलगत धरा, टेपने स्थिर करा आणि कंपासपेटीतल्या कोनमापकावर वाचा. मग हिशोब सोपा: १८० मधून मोजलेला कोन वजा करा आणि निम्मे करा. कोन ९२ आला तर करवतीवर ४४, कोन ८८ आला तर ४६. दोन्ही तुकडे त्याच कोनात. आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही कोपऱ्यांना हाच हिशोब. बाहेरच्या कोपऱ्यात भिंतीचा स्वतःचा कोन मोजायचा एवढंच. दोन अंशांनी काय बिघडतं असं वाटेल, पण १५ मिलिमीटर जाड पट्टीत तेवढ्याने पुढच्या कडेला पाऊण मिलिमीटरची फट पडते, आणि पांढऱ्या पट्टीवर ती काळी रेघ खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते.

प्लास्टिकचा मायटर बॉक्स (करवत ठरावीक कोनात धरणारी खाचांची पेटी) वापरत असाल तर त्याच्या खाचा तपासा. काही दिवस वापरला की खाच रुंद होते, करवत आत डोलते आणि ४५ म्हणून मारलेला काप ४४ किंवा ४६ निघतो. टाकाऊ पट्टीचे दोन तुकडे कापून, जुळवून गुण्या लावून बघा. पट्टी वाया घालवण्यापेक्षा हे बरं.

आतल्या कोपऱ्यासाठी खरं तर ४५चे दोन काप हा सर्वांत नाजूक मार्ग आहे. पट्टीची वरची कड सपाट चौकोनी असेल (आपल्याकडे बहुतेक तशीच मिळते), तर एक पट्टी थेट भिंतीपर्यंत न्या आणि दुसरी सरळ कापून तिला टेकवा. कोन एखाद-दुसऱ्या अंशाने चुकला तर दुसरीचं टोक पॉलिश पेपरने मागच्या बाजूला किंचित उतरतं करा. समोरून सांधा बंद दिसतो. कड नक्षीदार असेल तर दुसऱ्या पट्टीवर आधी ४५चा काप मारा, म्हणजे नक्षीची रेघ कडेवर उमटते. त्या रेघेवरून बारीक पात्याच्या करवतीने मागचा भाग कोरून काढा आणि कानशीने साफ करा. कोरलेलं टोक पहिल्या पट्टीच्या नक्षीवर बसतं आणि पुढे पट्टी थोडी हलली तरी फट दिसत नाही. पोकळ पीव्हीसीला हे जमत नाही. तिथे कंपनीचे तयार कोपरेच लावा.

बाहेरच्या कोपऱ्यात दोन्ही तुकडे आधी एकमेकांना चिकटवून, वाळल्यावर मग एकत्र भिंतीला लावा. वेगवेगळे लावले की प्रत्येक आपापल्या भिंतीबरोबर हलतो.

५. पकड: खिळा की स्क्रू

इंटरनेटवरचे बरेचसे व्हिडिओ अमेरिकेतले. तिथल्या भिंतीच्या आत लाकडी खांब असतात, त्यामुळे बारीक खिळ्यांच्या गनने काम होतं. आपल्याकडे वीट, सिपोरेक्स (हलके, सच्छिद्र) ब्लॉक किंवा काँक्रीट, वर गिलावा. त्यात तो खिळा एक तर वाकतो किंवा गिलाव्यातच अडकून बसतो, आणि सहा महिन्यांत ढिला होतो.

भिंत कशाची आहे ते ड्रिलमधून पडणारी पूड सांगते. आधी राखाडी वाळू पडते, तो गिलावा, साधारण १२ ते १५ मिलिमीटर. त्यानंतर लाल पूड आली तर वीट. पांढरट, हलकी पूड भराभर पडली आणि ड्रिल लोण्यासारखं आत गेलं तर सिपोरेक्स. ड्रिल अडून किंचाळायला लागलं तर काँक्रीट. विटेत ६ मिलिमीटरचं भोक, प्लास्टिकचा प्लग आणि ५० मिलिमीटरचा ८ नंबरचा स्क्रू पुरतो: १५ मिलिमीटर पट्टी, १२ गिलावा, उरलेला विटेत. ३५ मिलिमीटरचा स्क्रू जेमतेम गिलावा ओलांडतो, म्हणून तो नको. सिपोरेक्समध्ये ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर भोक मोठं होऊन प्लग गरागरा फिरतो. तिथे हलक्या ब्लॉकसाठीचे लांब नायलॉन प्लग मागून घ्या.

स्क्रू दर ४० ते ५० सेंटीमीटरवर, पट्टीच्या टोकापासून निदान ५० मिलिमीटर आत. एमडीएफला टोकाजवळ स्क्रू मारला की तो पापुद्र्यांत फाटतो, म्हणून आधी साडेचार मिलिमीटरचं भोक पाडा, डोकं बुडेल एवढी खोबण करा आणि नंतर लाकडाच्या पुट्टीने भरा. पीव्हीसी पट्टी कडक आवळू नका. तिला सरकायला जागा हवी.

भोक पाडण्याआधी: स्विचबोर्ड आणि प्लगपॉइंटच्या थेट खाली-वर किमान १५ सेंटीमीटरच्या पट्ट्यात ड्रिल नको. त्या भिंतीची एमसीबी बंद करा. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीत तर स्क्रू टाळून चिकटवणीवरच भागवा.

मधोमध भिंत आत असेल तर स्क्रूने पट्टी ओढून भिंतीला टेकवायचा मोह होतो. ३ मिलिमीटरपर्यंत चालतं. त्याहून जास्त असेल तर पट्टी वाकून कोपऱ्यातला सांधा उघडते. सहा फुटी ॲल्युमिनियम पट्टी लावून खळगा मोजा आणि भिंतीवर पुट्टीचा थर चढवा.

६. पट्टी काढून पुन्हा कापणं

वरच्या उपायांनी भागलं नाही तरच. वरची रंगाची रेघ कटरने कापा, नाहीतर भिंतीचा रंग पापुद्र्यासह येईल. पुट्टीपातं आत सरकवा, मागे प्लायचा तुकडा टेकवून पटाशीने हळूहळू उचला. प्रत्येक पट्टीच्या पाठीवर भिंतीचं नाव आणि डावी-उजवी बाजू लिहा.

नवीन पट्टी असेल तर ती दोन दिवस त्याच खोलीत आडवी ठेवा. दुकानाच्या गोदामातून आणून लगेच कापलेली पट्टी आठवड्यात लांबी बदलते. दोन आतल्या कोपऱ्यांमधल्या भिंतीसाठी एमडीएफ मापापेक्षा १ मिलिमीटर जास्त कापा आणि मधे किंचित कमान देऊन बसवा. दोन्ही टोकं घट्ट बसतात. पीव्हीसी मात्र २ ते ३ मिलिमीटर कमी, आणि तयार कोपऱ्याने ती फट झाका. लांब भिंतीवरचा जोड सरळ टेकवू नका, दोन्ही टोकं ४५ने तिरपी कापून एकावर एक घ्या आणि तो जोड स्क्रूवर येऊ द्या.

कापताना हाताच्या करवतीला आणि मायटर सॉला चांगली बाजू वर. जिगसॉ आणि हातातल्या सर्क्युलर सॉला चांगली बाजू खाली, कारण त्यांचे दात खालून वर कापतात आणि वरच्या बाजूला कपच्या उडवतात. कापाच्या जागी मास्किंग टेप लावा. एमडीएफचा भुसा फार बारीक असतो आणि त्यात फॉर्मल्डिहाइडचं रेझिन असतं; एन९५ मास्क लावा आणि बाल्कनीत कापा.

कुठे थांबायचं

प्लास्टिकच्या चाचणीत भिंत ओली निघाली आणि पलीकडे बाथरूम आहे: प्लंबर किंवा वॉटरप्रूफिंगवाला. तो येऊन जाईपर्यंत आणि भिंत पूर्ण वाळेपर्यंत पट्टी लावू नका.

वाळवी: पेस्ट कंट्रोल. एका खोलीपुरती फवारणी करून घेऊ नका, शेजारच्या भिंतीही दाखवा.

पट्टीच्या वर फूटभर उंचीपर्यंत भिंत पोकळ वाजते: गिलावा सुटला आहे, गवंडी बोलवा. ड्रिल करताना एमसीबी पडली किंवा भोकातून वायरचं आवरण दिसलं: इलेक्ट्रिशियन येईपर्यंत ती लाइन बंदच ठेवा.

पट्टी जागेवर आहे पण तिच्याखालची फट भिंतीच्या एका टोकाकडे वाढत चालली आहे, सोबत टाईलला तडा किंवा भिंतीवर तिरपी भेग आहे: फरशी खचते आहे. हे सुताराचं काम नाही. सोसायटीला लेखी कळवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

आणि घराचा ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर हात लावण्याआधी फोटो काढा. रेरा कायद्याच्या (२०१६) कलम १४(३) नुसार बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष ताब्यापासून पाच वर्षांत कळवला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करायचा असतो. पट्टी बिल्डरनेच लावलेली असेल किंवा ओल भिंतीतूनच येत असेल तर आधी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. स्वतः उखडून टाकल्यावर दोष कोणाचा हे सिद्ध करणं कठीण जातं.